कैदेतून परतलेल्या वसाहती पोलिसाचे पेन्शन प्रकरण कसे शोधावे

माझी सगळी नोकरी जिल्हा कोषागाराच्या पेन्शन शाखेत झाली. निवृत्तीनंतर तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतल्या, हाँगकाँगच्या पोलिसांच्या जुन्या कागदांचा नाद लागला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडलेले आणि सुटल्यावर पेन्शनच्या मागे लागलेले अधिकारी हा माझा विषय. घरातल्या कुणाचे किंवा अभ्यासासाठी असे एखादे प्रकरण शोधायचे असेल, तर माझी पद्धत सांगतो.

पहिल्या दिवशी ‘पेन्शन फाइल’ मागायला जाऊ नका. जपानी अमलाच्या काळात हाँगकाँग सरकारच्या युद्धपूर्व कागदांपैकी बहुतेक नष्ट झाले. त्या माणसाचे सेवापुस्तक जसेच्या तसे हाती लागेल, ही आशा सोडा. त्याऐवजी कोरा कागद घ्या आणि सेवेचा हिशेब स्वतः मांडायला बसा: नेमणुकीची तारीख, बढत्या, रजा, कैद, पुन्हा रुजू झाल्याची तारीख, निवृत्ती. जिथे रकाना रिकामा राहील, तिथेच शोधायचे.

हिशेबाचा गाभा सोपा आहे. हाँगकाँगच्या पेन्शन नियमांत सेवेच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे पगाराचा सहाशेवा भाग असे सूत्र होते. २५ डिसेंबर १९४१ रोजी गव्हर्नर मार्क यंग यांनी शरणागती पत्करली आणि ३० ऑगस्ट १९४५ रोजी ब्रिटिश आरमार बंदरात आले. मधले पूर्ण महिने मोजा: ४४. समजा एखाद्याचा पगार वर्षाला ६०० पौंड होता. मग सेवेचा एक महिना म्हणजे वर्षाला एक पौंड पेन्शन. कैदेचे महिने धरले नाहीत तर ४४ पौंड गेले, तेही दर वर्षी, मरेपर्यंत. म्हणून कुठलाही पत्रव्यवहार वाचताना एकच प्रश्न मनात धरा: हा काळ सेवा धरला, रजा धरली, की सेवेतला खंड? रजा असेल तर पूर्ण पगारी की अर्धपगारी, तेही पाहा. खंड असेल तर तो पुढे क्षमापित झाला का, म्हणजे माफ करून सेवा सलग धरली का, हे शोधा. माझे मत विचाराल तर तो काळ सेवाच होता. माणूस आपल्या ठाण्यावर असताना पकडला गेला; शरण जायचे त्याने ठरवले नव्हते.

नेमणूक आणि पगारासाठी हाँगकाँगची ‘ब्लू बुक’ वार्षिके पाहा. त्यांत अधिकाऱ्यांची नावे, पहिल्या नेमणुकीची तारीख आणि पगार छापलेला असतो. सरकारी राजपत्रात बढत्या आणि रजा सापडतात. दोन्ही हाँगकाँग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुली केली आहेत. नाव शोधताना आद्याक्षरे बदलून पाहा.

कैदेचा पुरावा शोधताना पुष्कळ जण चुकीच्या दारात थांबतात. पोलिस म्हणजे सैनिक नव्हेत. लष्करी कैदी हाँगकाँगमधल्याच शाम शुई पोच्या छावणीत गेले, तर ब्रिटिश पोलिस अधिकारी बहुतेक स्टॅनलीच्या नागरी छावणीत. तिथे सुमारे २,८०० माणसे होती. पोलिस आयुक्त पेनेफादर-एव्हान्सही त्यांत होते. तेव्हा लष्करी कैद्यांच्या कार्डांत नाव दिसले नाही म्हणून हात टेकू नका. लंडनजवळ क्यू येथे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथली ‘सीओ ९८०’ ही मालिका ब्रिटिश सरकारच्या वसाहत खात्याच्या (कलोनियल ऑफिस, म्हणून ‘सीओ’) युद्धकैदी व नागरी नजरकैदी विभागाची आहे. तिथे पाहा. हाँगकाँगचा मूळ पत्रव्यवहार ‘सीओ १२९’ मध्ये आहे, आणि पेन्शनचे वाद वर लंडनपर्यंत गेले असतील तर त्याच्या युद्धोत्तर भागांत धागा लागण्याची शक्यता जास्त.

आता प्रकृती. हा भाग घाईने वाचू नका. स्टॅनलीत अपुऱ्या अन्नाने बेरीबेरी, पेलाग्रा असे जीवनसत्त्वांच्या अभावाचे आजार झाले, डोळे अधू झाले. वसाहतींच्या पेन्शन नियमांत कर्तव्य बजावताना झालेल्या कायमच्या इजेसाठी जादा पेन्शन होती. कमावण्याची क्षमता किंचित घटली तर पगाराचे पाच साठांश, घटली तर दहा, बरीच घटली तर पंधरा आणि पूर्ण गेली तर वीस. पण इजा कामाच्या स्वरूपामुळेच झाली, हे दाखवावे लागे. गोळी लागली तर सिद्ध करता येते. साडेतीन वर्षांची उपासमार मात्र ‘कर्तव्य बजावताना’ या शब्दांत कशी बसवायची? वैद्यकीय मंडळाचा अहवाल मिळाला तर त्यातली कारणाची ओळ शब्दन् शब्द उतरवून घ्या. प्रकरण तिथेच उभे राहते किंवा पडते.

अधिकारी भारतीय असेल तर वाट वेगळी. शीख आणि पंजाबी मुसलमान पोलिसांपैकी अनेकांना जपान्यांनी कामावरच ठेवले. त्यामुळे त्यांच्या कागदांत कैदेऐवजी युद्धकाळातल्या वागणुकीची चौकशी शोधावी लागते. ती वाचताना बंदुकीच्या धाकाखाली केलेली नोकरी आणि मनापासून दिलेली साथ यांत फरक करा. तेव्हाच्या चौकशी करणाऱ्यांनी तो केलाच असेल असे धरून चालू नका.

घरात ‘ब्रिटिश सरकारने दहा हजार पौंड दिले’ अशी आठवण निघाली, तर ती पेन्शन नव्हे. नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर झालेले ते एकरकमी सानुग्रह अनुदान होते. नागरी कैद्यांसाठी त्यात पुढे जन्माची अट आली: स्वतःचा किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म ब्रिटनमधला हवा. हाँगकाँगमध्ये नजरकैद भोगलेल्या डायना एलियास या अटीविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि ती अट वंशभेदी असल्याचे २००६ मध्ये अपील न्यायालयातही कायम राहिले. त्या कागदांचा शोध वेगळा घ्या.

अभिलेखागाराला पत्र लिहिताना घराण्याची कहाणी लिहू नका. पूर्ण नाव, जन्मतारीख, हुद्दा, नेमणुकीचे वर्ष, छावणी आणि निवृत्तीचे वर्ष एवढेच द्या. फाइल वैयक्तिक माहितीमुळे बंद असेल, तर मृत्यूचा दाखला जोडून ती उघडण्याची विनंती करता येते. नक्कल मागवताना पत्रांबरोबर फाइलच्या आतले शेरेपानही मागा. पत्रात फक्त ‘विनंती मान्य करता येत नाही’ एवढेच असते. कोणी, कुठल्या नियमावर बोट ठेवून नकार दिला, ते शेऱ्यांत असते.