चेडू बरा गाता, पण ऑडिशनला न्यायच्या आधी हे वाचा

मी कुडाळकडचा, भजनी मंडळात पेटी वाजवतो. दर गणपतीत आरती झाली की कोण ना कोण बाजूला घेऊन विचारतोच, "चेडू बरा गाता, टीव्हीवर कसा न्हेवचा?" (म्हणजे पोरगी छान गाते, टीव्हीवर कशी न्यायची?) भाचीला घेऊन मी तीनदा ऑडिशनच्या रांगेत उभा राहिलोय, दोनदा हात हलवत परत आलो, एकदा जरा पुढे सरकलो. आता प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी ते "कोकणातनं कोण घेतंय आपल्याला" हे बंद करा. २००८-०९ चं मराठी लिटिल चॅम्प्स आठवा, शेवटच्या पाचात अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, म्हणजे पाचातले दोन आपलेच. जिंकली आळंदीची कार्तिकी गायकवाड, पण त्याच पाचातला लातूरचा रोहित राऊत २०२० मध्ये इंडियन आयडॉलच्या फायनलला दुसरा आला, मधे अकरा वर्षं गेली. तेव्हा पोरगी बारा वर्षांची असेल आणि यंदा नंबर नाही लागला तर घरात सुतक पाळू नका.

वयाचं बघा. प्रत्येक शोचं आणि प्रत्येक सीझनचं वय वेगळं असतं, फॉर्म नीट वाचा, शेजारच्याने सांगितलेलं धरून मुंबई गाठू नका. मुलगा असेल आणि आवाज फुटायला लागला असेल तर ते एक-दीड वर्ष ऑडिशन विसरा, त्याला वरच्या पट्टीत ताणून गायला लावणारे बाप मी बघितलेत, नुसता त्रास. आणि घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर काढे पाजत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

आता ऑडिशन. लोकांना वाटतं आत गेलं की समोर टीव्हीवरचे जज बसलेले असणार. नाही हो. आधी एका खोलीत टेबलामागे दोन-तीन जण, समोर वही, एक कॅमेरा, पंखा बंद कारण आवाज येतो, ना पेटी ना तबला. असे दोन-तीन राउंड झाले की मग ते मोठे जज. पहिल्या वेळी भाचीचा नंबर सकाळी आठला रांगेत लावला तो दुपारी अडीचला आला, तोवर तिने रांगेतल्या दहा पोरींची गाणी ऐकून आपलं गाणं तीनदा बदललं, आत गेली, घाबरून एकदम वरचा सूर धरला. घरी ती काळी चारला गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, तिथे काळी पाचच्याही वर गेली असणार, मी बाहेर दाराला कान लावून ऐकत होतो आणि माझ्या पोटात गोळा. अंतऱ्याला आवाज चिरकला, "थँक्यू, नेक्स्ट". झालं, एक मिनिटसुद्धा नाही.

त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगतो, हे खरंच करा. फोनवर तानपुऱ्याचं ॲप टाका, आत जायच्या आधी कानाला लावून आपला सा पक्का करायचा आणि गुणगुणतच आत जायचं. गाणं पहिल्या ओळीपासून सुरू करायचंच असा काही कायदा नाहीये, जिथे आवाज सगळ्यात छान लागतो ती ओळ आधी, कारण पहिल्या वीस सेकंदांत त्यांचं ठरलेलं असतं. तीन गाणी तयार ठेवा आणि तिन्ही एकासारखी एक नकोत, एक जुनं, एक नवं, एक मराठी लोकसंगीतातलं. आणि ज्या गाण्याला मूळ गायिकेची हुबेहूब नक्कल होते ते गाणं टाळा, भले गावात त्याच गाण्याला वन्समोर मिळत असेल. खाण्याचं म्हणाल तर घरातून घावणे, पाणी, केळी. आमची आई तर डबा हातात देऊनच सोडते, "गो बाय, उपाशी रवा नको, गळो सुकतलो." बरोबरच आहे तिचं.

सराव कुठे करायचा? क्लास लावा, शास्त्रीय शिका, ते तर आहेच, पण भाची खरी सुधारली ती डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात. दोन बुवा समोरासमोर, रात्रभर, समोर गाव बसलेला, माइक शिट्टी मारतोय, मधेच लाइट जाते, पखवाजवाला लय वाढवतो. ज्या पोरीने अशा ठिकाणी कोरसमध्ये उभं राहून सूर सोडला नाही तिला बंद खोलीतल्या तीन माणसांचं काय वाटणार!

निवड झालीच तर कागद येईल. जाडजूड आणि इंग्रजीत. सही करायच्या आधी ओळखीच्या वकिलाला दाखवा, किती वर्षं दुसरीकडे गाता येणार नाही आणि पुढच्या कार्यक्रमांच्या पैशात कोणाचा किती वाटा एवढं तरी समजून घ्या. मूल चौदाच्या आतलं असेल तर कायदा आहे, २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स ठेवायचा. हे विचारताना लाजू नका. आमच्यातले लोक तिथे गेले की "साहेब म्हणतील तसं" मोडमध्ये जातात, मीसुद्धा गेलो होतो.

आता बाहेरच्या स्पर्धांचं, कारण हल्लीच्या पोरांचं डोकं तिकडेच असतं. टॅलेंट शोमधून तिकडे जायचा रस्ता खरंच आहे. पोलंडची रोक्साना वेंगेल, तेरा वर्षांची, २०१८ ला तिथला व्हॉइस किड्स जिंकली आणि त्याच वर्षी मिन्स्कला ज्युनियर युरोव्हिजन जिंकली. युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशादेशांमधली गाण्याची स्पर्धा, ज्युनियर ही तिची मुलांची. स्वीडनची लोरीन तर २००४ च्या त्यांच्या आयडॉलमध्ये चौथी आली होती, नंतर २०१२ आणि २०२३ असं दोनदा युरोव्हिजन मारलं, दोनदा जिंकलेली पहिली बाई. व्हिएतनामचा डुक फुक २०१५ ला त्यांचा व्हॉइस जिंकला आणि दहा वर्षांनी, २०२५ ला, मॉस्कोत इंटरव्हिजन, ही रशियाने भरवलेली तशीच देशादेशांची स्पर्धा.

आपल्याला काय लागू ते बघा. युरोव्हिजन हा तिकडच्या सार्वजनिक टीव्ही-रेडिओ संस्थांच्या संघाचा कार्यक्रम, भारत त्यात नाही, तेव्हा भारताकडून फॉर्म भरायची सोय नाही. पण गाणाऱ्याने त्या देशाचंच असलं पाहिजे असा युरोव्हिजनचा नियम नाही, सेलीन डिऑन कॅनडाची, १९८८ ला स्वित्झर्लंडकडून गाऊन जिंकली. इंटरव्हिजनला मात्र २०२५ मध्ये भारताकडून रौहान मलिक गेला होता, म्हणजे दार अगदीच बंद नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. आपले शो पोरांना दुसऱ्याची गाणी गायला शिकवतात. बाहेर गेलं की नवं, स्वतःचं गाणं लागतं. युरोव्हिजनचे नियम बघितले तर गाणं तीन मिनिटांच्या आत, स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं, मुख्य आवाज लाइव्ह, वय किमान सोळा, ज्युनियरला नऊ ते चौदा. आमच्या भाचीला तीनशे गाणी पाठ, आणि एक दिवस मी विचारलं तुझं स्वतःचं कुठलं, तर माझ्याकडे बघत राहिली. तो डुक फुक मॉस्कोत काय गायला, तर त्यांच्याकडच्या दंतकथेतल्या वीरावरचं गाणं! आणि आपण दशावतार, नमन-खेळे, जाखडी नाच अशा कोकणातल्या लोककला दारात असताना मुंबईच्या ट्रॅकची कॉपी करतो.

तर आत्तापासून वर्षाला एक तरी गाणं बनवा. वाईट झालं तरी चालेल, पहिलं वाईटच होतं. आम्ही जाखडीत पायातल्या चाळाचा जो ठेका असतो ना, तो फोनवर रेकॉर्ड केला, तीच तालाची बाजू, त्यावर चार सुरांची चाल, शब्द भाचीचे, मासे सुकवणाऱ्या बायकांवर. रेकॉर्डिंग पावसाळ्यात काढू नका, पत्र्यावर पाऊस पडला की संपलं, आम्ही दोन दिवस वाट बघून शेवटी बाळंतिणीच्या खोलीत गोधड्या टांगून केलं, आवाज मस्त सुका आला. मग घड्याळ लावा, तीन मिनिटांच्या वर जातंय तर कापा. आणि गाताना नाचायचं असेल तर ओल्या वाळूवर सावकाश पळत अख्खं गाणं म्हणून बघा, दम कुठे तुटतो लगेच कळतं.

एक सावधगिरी. "आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल, तुमच्या मुलीची निवड झाली आहे" असे मेसेज येतात, नाव भारी, सर्टिफिकेट रंगीत, आणि खाली रजिस्ट्रेशनचे पैसे. आम्हीही एकदा भरले. परदेशाच्या नावाखाली एका हॉलमध्ये चाळीस मुलं आणि त्यांचेच आईबाप, सगळ्यांना ट्रॉफी. गेल्या वर्षी कोण जिंकलं, तो आज कुठे गातोय, कार्यक्रम कुठल्या चॅनलवर दिसला, ही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर फोन ठेवा. पासपोर्ट मात्र आधीच काढून ठेवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पाचच वर्षं चालतो, तेव्हा तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि गाडीचं. ऑडिशनची तारीख आठवडाभर आधी कळते आणि कोकणकन्याचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तत्काळला दोघांनी दोन फोनवर बसायचं. जाताना रात्रीचीच गाडी घ्या म्हणजे पोरीची झोप होते. येतानाचं तिकीटसुद्धा रात्रीचंच काढा. आम्ही पहिल्या वेळी दुपारचं काढलं होतं, रांग संपेचना, तिकीट गेलं, आणि दादरला मोरीशेजारी पथारी पसरून बसलेलो असताना ही बया तेच गाणं गायला लागली, काळी चारला, एकदम सुरात.