गावात ॲपची चाचणी घेताय? टास्क लिहिताना या चुका टाळा

समजा चाचणीत दहापैकी नऊ जणांनी पिकाची नोंद बरोबर केली. खरीप आला, ॲप गावागावांत गेलं आणि तेच लोक फोन खिशात ठेवून सेवा केंद्रापुढे रांगेत उभे राहिले. असं झालं की ॲपचा कोड उघडण्याआधी चाचणीचा टास्क, म्हणजे माणसाला करायला दिलेलं काम, लिहिलेला कागद मागवा आणि शब्दन्‌शब्द वाचा. गडबड बहुतेक वेळा तिथेच सापडते.

प्रमाणित टास्क म्हणजे प्रत्येक माणसाला तेच उद्दिष्ट, तीच सुरुवात आणि काम संपल्याची तीच कसोटी. आयएसओ ९२४१-११ या मानकात उपयोगक्षमता तीन गोष्टींवर मोजतात: काम साधलं का, त्याला किती श्रम-वेळ गेला आणि माणूस समाधानी आहे का. पण हे सगळं ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्ट आणि ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भातच. यातली परिस्थिती आपल्याकडे हमखास गळते. दारव्हा किंवा सिंदेवाहीकडच्या वावरात भर उन्हात स्क्रीन कशी दिसते, हे नागपूरच्या वातानुकूलित खोलीत कळणार नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी या सरकारी ॲपमुळे राज्यभरातले शेतकरी स्वतःच्या फोनवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवू लागले. म्हणून खालची उदाहरणं पीक-नोंदीची घेतली आहेत. त्यातलं ॲप मात्र कल्पित आहे.

उत्तर टास्कमध्येच सांगून टाकणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. हा टास्क पाहा: “‘पीक माहिती’वर जा, ‘मिश्र पीक’ निवडा, ०.८१ हेक्टर क्षेत्र भरा आणि फोटो जोडा.” हे वाचून माणूस स्क्रीनवर तेच शब्द शोधतो, सापडले की दाबतो. त्याला ॲप समजलं की नाही, हे तुम्हाला कळलंच नाही.

आता असा सांगून पाहा: “काकाजी, या वावरात दोन एकर पऱ्हाटी आहे, मधात तुरीच्या ओळी आहेत. यंदाचं पीक सातबाऱ्यावर लागलं पाहिजे. ते या फोनवरून करा.” आता खरी अडचण उघडी पडते. माणसाच्या डोक्यात दोन एकर आहे आणि ॲप हेक्टर-आर मागतंय. एक एकर म्हणजे साधारण ४० आर, हा हिशेब पहिल्या टास्कने परस्पर करून दिला होता. ‘२’ असा आकडा भरून पुढे गेलेला शेतकरी कागदावर पाच एकरांच्या घरात पोचतो, आणि पुढे विमा किंवा नुकसानभरपाईच्या वेळी ही नोंद त्याच्या अंगाशी येते. तुरीचंही तसंच. पऱ्हाटीत (कपाशीत) तूर असेल तर आपलं पीक कुठल्या प्रकारात बसतं, हे त्याने ठरवायचं आहे. ते तुम्ही ठरवून दिलंत तर मोजायला काय उरलं?

तपासणी सोपी आहे. टास्कमधले शब्द आणि स्क्रीनवरची बटणं, शीर्षकं शेजारी ठेवा. जुळणारा प्रत्येक शब्द बदला. ‘सातबारा’सारखा लोकांच्या तोंडचाच शब्द असेल तर राहू द्या, बाकीचे काढा.

टास्क तोंडीच सांगायचा असेल तर एकदा नीट ठरवून आवाजात रेकॉर्ड करा आणि सगळ्यांना तेच ऐकवा. नाहीतर एक निरीक्षक समजावत समजावत अर्धी वाट दाखवतो आणि दुसरा नुसता वाचून मोकळा होतो. दोघांच्या निकालात मोठा फरक दिसला तर कारण गावांमध्ये शोधत बसू नका, आधी दोघांचं बोलणं ऐका. मेळघाटात कोरकूतून किंवा गडचिरोलीत गोंडीतून चाचणी घ्यायची असेल तर तिथल्या माणसाकडून टास्क आधीच तयार करून घ्या. दुभाष्याने जागच्या जागी सांगितलेला टास्क दर वेळी वेगळा निघतो.

परक्याचं शेत, नाहीतर खरीखुरी नोंद

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एका टोकाला “समजा तुम्ही अमुक पाटील आहात, गट क्रमांक तमुक” असं सांगून काम करायला लावतात. माणूस गट क्रमांक विसरतो, पुन्हा विचारतो, आणि त्या विसरण्याचा दोष ॲपच्या खात्यात जमा होतो. दुसऱ्या टोकाला त्याच्या खऱ्या खात्यातच नोंद करून घेतात. हे तर करूच नका. पीक-नोंद ही सरकारी नोंद आहे, चाचणीपायी कोणाच्या सातबाऱ्यावर चुकीचं पीक चढता कामा नये.

मधला मार्ग आहे. चाचणीचं वेगळं खातं तयार करा, त्यासाठी एक नमुना सातबारा छापा आणि तो कागद प्रत्येकाच्या हातात द्या. घरीही माणूस कागद समोर ठेवूनच आकडे भरतो, त्यामुळे काम नैसर्गिक राहतं आणि माहिती सगळ्यांना सारखी मिळते.

ओटीपीची पायरी ‘वेळ जातो’ म्हणून गाळू नका. अनेक घरांत नोंदवलेला नंबर मुलाच्या फोनमध्ये असतो आणि मुलगा पुण्यात कामाला असतो. निदान एका टास्कमध्ये ओटीपी दुसऱ्या फोनवर येऊ द्या. त्यासाठी चाचणीचाच दुसरा फोन वापरा, लोकांचे स्वतःचे ओटीपी मागू नका.

‘झालं’ कशाला म्हणायचं, हे न ठरवणं

शेतकरी फोटो काढतो, हिरवी खूण दिसते, तो म्हणतो, “झालं.” नेटवर्क नसल्याने नोंद फोनमध्येच पडून आहे. निरीक्षकाने काय लिहायचं? एकाने यश लिहिलं, दुसऱ्याने अपयश, तर आकडा निरर्थक ठरतो. कसोटी आधी लिहून ठेवा: नोंद सर्व्हरवर पोचली तरच पूर्ण, की फोनमध्ये जतन झाली आणि ‘अपलोड बाकी आहे’ हे माणसाला कळलं तरी पूर्ण? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण नेटवर्क काही शेतकऱ्याच्या हातात नाही. कुठलीही कसोटी घ्या, पण शेवटपर्यंत तीच ठेवा.

निकालाचे रकाने दोनच ठेवू नका. पूर्ण, मदतीने पूर्ण, सोडून दिलं, आणि चौथा फार महत्त्वाचा: माणसाला झालं वाटलं पण झालं नाही. सोडून देणारा निदान दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. चौथ्या रकान्यातला माणूस निश्चिंत होऊन घरी जातो आणि त्याला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते.

मदतीचा हिशेब न ठेवणं

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चाचणी लावली की चार जण जमतातच. “अबे, तो खालचा बटन दाब ना” हे वाक्य आलं की तो टास्क ‘मदतीने पूर्ण’. लोकांना हाकलण्यापेक्षा जागा बदला. सुटीच्या दिवशी शाळेची खोली किंवा घरचं अंगण बरं पडतं. सेवा केंद्रात चाचणी नकोच, कारण तिथे लोक केंद्रचालकाकडे फोन सोपवायच्या सवयीनेच येतात.

निरीक्षकाची वाक्यंही ठरलेली हवीत. माणूस अडला की आधी गप्प राहा. मग, “घरी असता तर आता काय केलं असतं?” तरीही अडला तर ठरलेली एकच सूचना द्या, आणि ती दिल्याची नोंद करा.

क्रम, वेळ आणि आकडे

पहिल्या टास्कमध्ये शिकलेलं दुसऱ्यात उपयोगी पडतं, म्हणून टास्कचा क्रम माणसागणिक फिरवा आणि दर वेळी ॲप मूळ स्थितीत आणा. ज्या टास्कची वेळ मोजायची आहे, त्यात मनातलं मोठ्याने बोलायला लावू नका.

वेळेची सरासरी फसवते. चार जणांना ९०, १००, ११० आणि ६०० सेकंद लागले तर सरासरी २२५ येते, आणि तेवढा वेळ एकालाही लागलेला नाही. मध्यक, म्हणजे वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १०५ येतो. तो द्या आणि सहाशेवाल्याचं काय अडलं ते वेगळं लिहा.

‘चाचणीला पाच माणसं पुरतात’ असं म्हणतात, ते उपयोगक्षमतेचे अभ्यासक निल्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३च्या कामावरून आलेलं आहे. ते ॲपमधल्या चुका शोधण्यापुरतं खरं, तेही एक चूक एका माणसाकडून सापडायची शक्यता सुमारे ३१ टक्के धरून. यशाचं प्रमाण सांगायला पाच पुरत नाहीत. पाचांपैकी चार जणांना जमलं तर खरं प्रमाण ३६ पासून ९८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं.

शेवटी ‘कसं वाटलं?’ विचारलं की “चांगलं आहे साहेब” हेच ऐकू येतं. पाहुण्याला नाराज करायचं नसतं. जॉन ब्रूक यांची, ॲप वापरायला कसं वाटलं हे विचारणारी १० विधानांची एसयूएस प्रश्नावली वापरत असाल तर त्यातली उलटसुलट विधानं ऐकून उत्तर देणं जड जातं, म्हणून ती आधी दोन-तीन जणांवर तपासा. तिचा ० ते १०० गुणांक म्हणजे टक्केवारी नव्हे, हेही अहवालात लिहा.

रब्बीत पुन्हा चाचणी घेताना आणखी एक गोष्ट सांभाळा. पऱ्हाटी-तुरीच्या जागी नुसता हरभरा टाकला तर टास्क सोपा होतो आणि ॲपमध्ये काहीही न बदलता निकाल सुधारलेला दिसतो. हरभऱ्यात जवसाच्या ओळी ठेवा, क्षेत्र एकरातच सांगा, आणि दोन्ही हंगामांचे टास्क अहवालाला जसेच्या तसे जोडा.