प्रोग्रामिंग केबलला ड्रायव्हर नको, परवानगी हवी

बेळगावच्या उद्यमबागेत कंट्रोल बोर्ड दुरुस्तीला लागलेला डिप्लोमाचा पोरगा असो, की कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्यांदाच एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं मांडता येणारी चिप) हातात घेतलेली खानापूरकडची मुलगी असो, लिनक्सवर दोघंही एकाच जागी अडकतात. चिपमध्ये प्रोग्राम भरायची केबल जोडली, सॉफ्टवेअर उघडलं, आणि पडद्यावर ‘केबल सापडली नाही’. मग कुणीतरी सांगतं, कंपनीचा ड्रायव्हर टाक. तो कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जुळत नाही, जुना कर्नल शोधायला जावं तर इंटरनेट तोडतं, आणि संध्याकाळपर्यंत निष्कर्ष निघतो की लिनक्स आपलं काम नाही. मी बेळगावात याच धंद्यात आहे. नव्यानं येणाऱ्या पोरांना पहिल्याच आठवड्यात जे सांगतो, ते इथं मांडतोय.

बहुतेक प्रोग्रामिंग केबली म्हणजे साधी यूएसबी उपकरणं असतात. त्यांच्याशी बोलायला कर्नलच्या आत वेगळं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) लागत नाही. लिनक्समध्ये लिबयूएसबी नावाची लायब्ररी आहे. ती वापरून कुठलाही साधा प्रोग्राम कर्नलच्या बाहेर राहूनच यूएसबी उपकरणाशी थेट देवाणघेवाण करू शकतो. म्हणजे लागते ती फक्त परवानगी.

कंपनीच्या बंदिस्त मॉड्यूलचा जाच कुठून आला तेही समजून घ्या, कारण जुनी माहिती वाचताना ते नाव वारंवार भेटेल. एफपीजीए बनवणाऱ्या झायलिंक्सच्या आयएसई या सॉफ्टवेअरमधलं इम्पॅक्ट हे प्रोग्रामिंगचं साधन पूर्वी जंगो या कंपनीच्या विनड्रायव्हर मॉड्यूलवर चालायचं. लिनक्स कर्नलची आतली रचना आवृत्तीगणिक बदलते, त्यामुळं असं बाहेरचं मॉड्यूल प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर नव्यानं जुळवावं लागतं. त्यात सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड सुरू करू देणारी सोय) चालू असेल तर उबुंटू किंवा फेडोराचा कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेतच नाही. यावर मायकेल गेर्नोथ यांनी फार सुंदर तोड काढली. त्यांची छोटी लायब्ररी इम्पॅक्टच्या आधी लोड करायची. इम्पॅक्टला वाटतं आपण विनड्रायव्हरशी बोलतोय, प्रत्यक्षात ती लायब्ररी त्याची प्रत्येक मागणी मध्येच पकडून लिबयूएसबीकडं वळवते. कर्नलला हातही लावायचा नाही. पुढं इम्पॅक्टमध्येच लिबयूएसबीची सोय आली. आयएसईची शेवटची आवृत्ती १४.७, ती २०१३ ची. स्पार्टन-६ आणि त्याआधीच्या चिपांसाठी ती आजही लागते, म्हणून हा इतिहास अजून जिवंत आहे.

आता हाताला लागूया. केबल जोडून टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही कमांड द्या. प्रत्येक उपकरणासमोर चार-चार अंकांची जोडी दिसेल: पहिली उत्पादकाची, दुसरी वस्तूची. ०९एफबी:६००१ म्हणजे अल्टेराची यूएसबी ब्लास्टर. ०४८३:३७४८ म्हणजे एसटी-लिंक व्ही२. १६सी०:०५डीसी म्हणजे एव्हीआर मायक्रोकंट्रोलरसाठीची यूएसबीएएसपी. ०४०३:६०१० म्हणजे एफटीडीआयची दोन चॅनलची चिप. ही जोडी वहीत लिहून ठेवा. काहीच दिसत नसेल तर आधी तार बदला. मोबाइल चार्जिंगच्या काही तारांत डेटाच्या जोडण्याच नसतात, आणि त्यापायी लोक सगळी सिस्टिम उलटीपालटी करतात.

जोडी दिसते, तरी प्रोग्राम म्हणतो केबल नाही. हीच खरी खोच. यूएसबी उपकरणाची फाइल मुळात रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, मालकीची असते. इतरांना ती वाचता येते, पण तिच्यात लिहिता येत नाही. एलएसयूएसबीला वाचणं पुरतं, म्हणून तिला केबल दिसते. प्रोग्रामरला लिहायचं असतं, म्हणून तो दारातच अडतो. अल्टेराच्या क्वार्टस सॉफ्टवेअरमध्ये याच कारणानं ‘इन्सफिशियंट पोर्ट परमिशन्स’ (पोर्टची परवानगी अपुरी) असा संदेश येतो. आमची मराठी माध्यमातून आलेली पोरं लाल अक्षरातलं इंग्रजी दिसलं की खिडकी बंद करतात. बंद करू नका. शब्दन् शब्द वाचा, उत्तर बहुधा तिथंच लिहिलेलं असतं.

सुडो (रूटच्या अधिकारानं चालवणारी कमांड) लावून चालवलं तर काम होतं, आणि तपासणीपुरतं तेवढं ठीकही आहे. पण रोज तसं केलं तर प्रोजेक्टच्या फायली रूटच्या नावावर जातात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच फायली सेव्ह होत नाहीत. कायमचा इलाज म्हणजे यूडेव्हचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था बघणाऱ्या भागाचा, नियम. ईटीसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स डॉट डी या फोल्डरात एक फाइल करायची, तिच्यात एकच ओळ: सबसिस्टम यूएसबी, उत्पादकाचा क्रमांक हा, वस्तूचा क्रमांक हा, आणि टॅग यूअ‍ॅक्सेस. हा टॅग असला की त्या क्षणी मशिनसमोर लॉगिन करून बसलेल्या माणसाला आपोआप परवानगी मिळते. बऱ्याच ठिकाणी मोड ०६६६ लिहायला सांगतात. त्यानं मशिनवरच्या प्रत्येकाला दार उघडं होतं. घरी चालेल, लॅबच्या सामायिक मशिनवर मला ते पटत नाही.

या एका ओळीत पोरं जिथं अडखळतात त्या जागा सांगतो. जुळवणी करायची तिथं दोन बरोबरची चिन्हं (==) लागतात, टॅग जोडायचा तिथं अधिक-बरोबर (+=). क्रमांकातली इंग्रजी अक्षरं लहान लिपीतच हवीत. मोठ्या लिपीत लिहिली तर नियम गप्प बसतो, चूकही दाखवत नाही. फाइलच्या नावाचा शेवट डॉट रूल्स असाच हवा. नावाच्या सुरुवातीचा आकडा ७३ पेक्षा लहान ठेवा, कारण यूअ‍ॅक्सेसवर अंमल करणारी सिस्टिमची फाइल ७३ क्रमांकाची आहे; ९९ दिला तर टॅग लागतो खरा, पण उशिरा. शेवटी यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोलला नियम पुन्हा वाचायला सांगा आणि केबल काढून परत लावा.

झायलिंक्सची प्लॅटफॉर्म केबल यूएसबी मात्र जास्त लक्ष मागते. तिच्या पोटात सायप्रस कंपनीची एफएक्स२ चिप आहे, आणि त्या चिपमधला प्रोग्राम वीज गेली की पुसला जातो. म्हणून दर वेळी केबल लावली की आधी तिच्यात फर्मवेअर भरावं लागतं. फर्मवेअर नसताना ती ०३एफडी:०००डी किंवा ०००एफ अशा क्रमांकानं दिसते आणि दिवा बंद असतो. एफएक्सलोड हे साधन आयएसईसोबत आलेली हेक्स फाइल तिच्यात ओततं. मग केबल स्वतःच सुटते, पुन्हा जोडली जाते, आणि या वेळी ०३एफडी:०००८ म्हणून येते. दिवा पिवळट नारिंगी लागतो. समोरच्या बोर्डाला वीज दिली आणि व्हीरेफची (बोर्डाचा व्होल्टेज सांगणारी) तार लागली की तोच दिवा हिरवा होतो. हा क्रम डोळ्यांनी नीट बघा. दिवा कुठं थांबला यावरून बिघाड कुठं आहे ते कळतं. यूडेव्हच्या नियमात एफएक्सलोड बसवता येतो, मग हे सगळं आपोआप होतं. व्हर्च्युअल मशिनमध्ये काम करत असाल तर दोन्ही क्रमांकांसाठी यूएसबी फिल्टर लावा, नाहीतर फर्मवेअर भरताच केबल मशिनमधून निसटते.

झायलिंक्सचं नवं सॉफ्टवेअर व्हिव्हाडो वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. तिथं ड्रायव्हर बसवण्याची स्क्रिप्ट सुडो मागते म्हणून लोक बिचकतात, पण ती उघडून वाचलीत तर दिसेल की ती फक्त यूडेव्हच्या नियमांच्या फायली जागेवर नेऊन ठेवते. मी पोरांना ती वाचायलाच लावतो.

एफटीडीआयच्या दोन चॅनलच्या बोर्डांवर बहुधा एक चॅनल जेटॅगला (चिप प्रोग्राम करायच्या जोडणीला) आणि दुसरा सिरियलला असतो. लावताच टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ अशी दोन पोर्टं येतात. प्रोग्रामर चालला की पहिलं गायब होतं. लिबयूएसबीनं तो चॅनल कर्नलच्या सिरियल ड्रायव्हरकडून मागून घेतलेला असतो. बोर्ड बिघडलेला नाही.

सिरियलवरून आठवलं. आपल्याकडच्या शॉपांत पीएलसीच्या (मशिनं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) केबली भरपूर, आणि त्यांत सीएच३४०, सीपी२१०२ किंवा पीएल२३०३ यांपैकी एखादी चिप असते. या सगळ्यांचे मुक्त ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहेत. बाहेरून काही आणायचं नाही, फक्त आपलं नाव डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) घालून पुन्हा लॉगिन करायचं. जुन्या पीएल२३०३ केबली प्रोलिफिकचा नवा विंडोज ड्रायव्हर नाकारतो, पण लिनक्सवर त्या अजून चालतात. मागं एका शॉपच्या मालकांनी फोन केला, ‘अहो, केबल ओळखंना झालीय, फेकून देऊ का?’ मी म्हटलं, थांबा मामा, येतो. लॅपटॉपला लावली आणि चालली. एक अडचण मात्र खरी आहे: पीएलसीची बरीच सॉफ्टवेअरं विंडोजचीच असतात. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणाऱ्या साधनात) कॉम पोर्ट टीटीवाययूएसबीला जोडता येतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर वाइनमध्ये चालेलच असं नाही, म्हणून मालकाला शब्द देण्याआधी करून बघा.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० जोडल्याबरोबर पोर्ट येऊन नाहीसं होत असेल तर कारण बीआरएलटीटीवाय. हे ब्रेल पडद्यासाठीचं सॉफ्टवेअर १ए८६:७५२३ हा क्रमांक आपल्या उपकरणाचा समजून ताब्यात घेतं. ते काढून टाकलं की प्रश्न मिटतो, पण लॅबच्या मशिनवर एखादा अंध विद्यार्थी काम करत असेल तर काढू नका. त्याच्या नियमांतली तेवढी एक ओळ बंद करा.

आयएसई, क्वार्टसचं ओझं नको असेल तर मुक्त साधनं आहेत: एफपीजीएसाठी ओपनएफपीजीएलोडर, मायक्रोकंट्रोलरसाठी ओपनओसीडी, एव्हीआरसाठी एव्हीआरड्यूड, आणि जुन्या एक्ससी९५७२एक्सएलसारख्या सीपीएलडीसाठी (एफपीजीएसारख्याच, पण लहान चिपांसाठी) एक्ससी३एसप्रॉग. प्रोग्राम लिहायच्या आधी नेहमी चिपचा आयडीकोड (तिचा ओळख क्रमांक) वाचा. झायलिंक्सच्या चिपचा आयडीकोड ०९३ ने संपतो, अल्टेराचा ०डीडी ने. हे आले की केबल, परवानगी आणि तारा तिन्ही बरोबर आहेत. सगळे शून्य किंवा सगळे एफ आले तर लिनक्सला दोष देऊ नका. बोर्डाची वीज, ग्राउंड आणि टीडीओची (चिपकडून डेटा परत येण्याची) तार तपासा.

बेंगळुरूला मुलाखतीला गेलेल्या आमच्या पोरांना कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा हेच जास्त उपयोगी पडलेलं मी पाहिलंय. केबल चालत नसेल तर काय कराल, असं विचारल्यावर ज्याला क्रमांक, परवानगी, आयडीकोड या क्रमानं बोलता येतं, त्यानं हाताने काम केलंय हे समोरच्याला लगेच कळतं.

नवी केबल घ्यायची तर बेंगळुरूच्या एसपी रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जाण्याआधी घरात काय आहे ते बघा. रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) असेल तर त्यात डर्टीजेटॅगचं फर्मवेअर भरून तिचीच जेटॅग केबल करता येते, आणि ओपनएफपीजीएलोडर ती ओळखतो. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टच्या बोर्डाला ती थेट जोडू नका. उलट बाजूनंही तसंच: स्वस्त यूएसबीएएसपीचा जंपर ३.३ वर ठेवला तरी तिच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येऊ शकतात, म्हणून बोर्डाला लावण्याआधी त्या तारांना मीटर लावून बघा.