विमानातल्या गणवेशांचे पेहराव: कार्यक्रमासाठी कसे शिवून घ्यायचे

मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात हवाई सुंदरींच्या गणवेशांचा इतिहास दाखवायचा ठरला, की बहुतेक वेळा भाड्याचा निळा स्कर्ट, लाल स्कार्फ आणि कशीबशी गुंडाळलेली साडी यांवर वेळ मारून नेली जाते. मग मुलगी वाकली की निऱ्या सुटतात, हात वर केला की ब्लाउज चढतो. मुळात हे कामाचे कपडे. वरच्या कप्प्यात बॅग चढवायची, ट्रॉली ओढायची, अरुंद वाटेत वळायचं, प्रसंग आला तर प्रवाशांना भराभर बाहेर काढायचं, हे सगळं त्यांत जमायला हवं. तुमच्या पेहरावालाही हीच कसोटी लावा. इंदुरात कापड आणि शिंपी दोन्ही हाताशी आहेत. गणपतीच्या पाच आठवडे आधी सुरुवात केली की पुरतं.

सुरुवात १९३० पासून करा. त्याआधी विमानात हे काम पुरुष करत. १५ मे १९३० रोजी एलन चर्च ही नर्स बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात रुजू झाली, आणि तिच्यासह आठ नर्स पहिल्या तुकडीत होत्या. त्यांचा बाहेरचा वेश गडद हिरव्या लोकरी कापडाचा होता: कोट, स्कर्ट, टोपी आणि खांद्यावर केप. केपचे खिसे मुद्दाम मोठे, कारण त्यांत पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि रेल्वेचं वेळापत्रक ठेवावं लागे. विमानातल्या खुर्च्या जमिनीला आवळून बसवायच्या असत, आणि विमान मध्येच अडकलं तर प्रवाशांना रेल्वेने पुढे पाठवायचं असे. रंगमंचावर मुलीने खिशातून खराखुरा पाना काढून दाखवला, तर निवेदकाची चार वाक्यं वाचतात.

केपला अस्सल लोकर नको. भाद्रपदातल्या दमट हॉलमध्ये ती सहन होत नाही. ५८ इंच पन्ह्याचं गडद हिरवं टेरीवूल (पॉलिएस्टर आणि लोकरीचं मिश्र कापड) २ मीटर घ्या. २ मीटर लांबीच्या एका काठाच्या मध्यावर खूण करून दोरीला खडू बांधा आणि ५ इंच त्रिज्येचं गळ्याचं अर्धवर्तुळ काढा. त्याच मध्यातून ३५ इंचांचं बाहेरचं अर्धवर्तुळ काढा. केप ३० इंच लांब होते आणि जेमतेम कमरेखाली येते. ९ बाय ८ इंचांचे दोन खिसे आतून लावा. त्यांच्यामागे कापडाची दुसरी पट्टी घातली नाही, तर पान्याच्या वजनाने केप पुढून लोंबते. खालची कड दुमडण्याआधी केप एक रात्र हँगरवर टांगून ठेवा. तिरप्या भागात कापड सैल पडतं आणि कड दोन्ही बाजूंना खाली उतरते. ती दुसऱ्या दिवशी सारखी कापून मगच शिलाई घाला.

१९४८ च्या वेशावर फार खर्च करू नका. त्या वर्षी ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. तेव्हाच्या एअर होस्टेसही पाश्चात्त्य धर्तीचा स्कर्ट-जॅकेट आणि टोपी घालत. शाळेचा जुना ब्लेझर कमरेत दोन टक घालून बेतला, बटणं बदलली, गुडघ्याखाली येणारा सरळ स्कर्ट घातला की झालं.

खरी मेहनत साडीवर करावी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एअर इंडियाने साडी आणली. सुरुवातीच्या साड्या बिन्नी मिलच्या रेशमाच्या होत्या. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये मनीष मल्होत्रा यांनी केलेला नवा गणवेश आला. त्यात साडी राहिली, पण चटकन चढवता येईल अशी तयार बेताची. एका रंगातून दुसऱ्यात उतरत जाणारी छटा आणि झरोक्याची नक्षी हे तिचं वैशिष्ट्य. वरिष्ठांना वांगी ते मरून, कनिष्ठांना लाल ते जांभळा. कार्यक्रमात दोन्ही काळांच्या साड्या एकाच पद्धतीने शिवून घेता येतात, आणि साडी कापावीही लागत नाही.

साडी ५.५ मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. कंबर ३० असेल तर हिशेब असा: पहिला वेढा ३६ इंच, ६ निऱ्यांना ६० (५ इंचांची प्रत्येक निरी दुहेरी मोडते, म्हणून १० इंच खाते), मागून फिरून छातीपर्यंत ४५, खांद्यावरून पाठीमागे पदर ६५. बेरीज २०६, उरलेले १० इंच पहिल्या वेढ्यात दडवा. कंबर ३६ असेल तर बेरीज २१८ वर जाते, तिथे एक निरी कमी करा. पदर तोकडा करू नका. मागून दिसतो तो पदरच.

२ इंच रुंद कॅनव्हासची पट्टी घ्या, लांबी कमरेपेक्षा ४ इंच जास्त, आणि तिला तीन हुक लावा. मोजमाप घेताना मुलीच्या पायात कार्यक्रमाचीच पादत्राणं हवीत. साडीची खालची कड जमिनीपासून दीड इंच वर ठेवा, कारण ट्रॉली ओढत उलटं चालताना जमिनीला टेकलेली कड पायाखाली येतेच. निऱ्या पट्टीवर कच्च्या धाग्याने बसवा, इस्त्री करा, मग कमरेपासून ७ इंच खालपर्यंत आतल्या बाजूने हातशिलाई घाला. त्याहून खाली शिवलं तर पाऊल पूर्ण पडत नाही, चाल बाहुलीसारखी दिसते. कमी शिवलं तर वाकताना निऱ्या पंख्यासारख्या उघडतात.

पदराच्या ५ इंची घड्या इस्त्रीने पक्क्या करा, खांद्यावर येतो तिथे ३ इंच लपवून शिवा, आणि पदर व ब्लाउज यांवर दोन जोड्या टिच बटणं लावा. सेफ्टी पिन लावणार असाल तर खाली बकरमचा (कडक अस्तराच्या कापडाचा) तुकडा हवाच, नाहीतर हात वर करताना रेशीम पिनेपाशी फाटतं. पदर गुडघ्याच्या मागेच थांबवा. त्याहून लांब पदर खुर्चीच्या हातात अडकतो.

ब्लाउजबाबत शिंप्याशी आधीच स्पष्ट बोला. नेहमीच्या सवयीने मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, खोल कापला जातो, आणि खोल मुंढ्याच्या ब्लाउजमध्ये हात वर केला की बाहीबरोबर अख्खा ब्लाउज ओढला जातो. मुंढा बगलेला जवळ ठेवायला सांगा आणि बगलेत ३ इंचांचा चौकोनी तुकडा तिरपा लावून घ्या. ट्रायलला मुलीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जड बॅग धरावी. ब्लाउज एक इंचापेक्षा जास्त चढला, तर तो परत द्या.

चौथा पेहराव हवाच असेल तर १९६८ चा घ्या. फ्रेंच फॅशन डिझायनर पिअर बाल्मेन यांनी तेव्हाच्या मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्ससाठी बाटिकचा सारोंग-केबाया (लुंगीसारखा लांब घेर आणि वर अंगाबरोबरचा ब्लाउज) बेतला, आणि १९७२ नंतर सिंगापूर एअरलाइन्सने तोच पुढे चालवला. आजही निळा, हिरवा, लाल, मरून असे हुद्द्याप्रमाणे रंग आहेत. बाटिकसाठी उज्जैनजवळचं भैरूगढ गाठा. तिथलं मेणाचं काम इंदूरकरांना परिचयाचं आहे. नक्षी वेगळी असेल, पण मेणाच्या तड्यांतून उतरलेल्या रंगाच्या रेषा छापील कापडात येत नाहीत. काठ असलेलं कापड ४ मीटर घ्या. गळा, बाह्या आणि खालचा घेर यांवर काठच बसायला हवा. कापण्याआधी ते वेगळ्या बादलीत गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिठाने रंग पक्का होतो या भरवशावर राहू नका. उरलेलं मेण जुन्या वर्तमानपत्रांत धरून इस्त्रीने काढा. धुतल्यावर सुती कापड आटतं. हे आधी केलं नाही तर बेतशीर शिवलेला केबाया पहिल्याच धुण्यात छातीवर दाटतो.

ब्रॅनिफ या अमेरिकन विमान कंपनीचं, १९६५ मध्ये इटालियन फॅशन डिझायनर एमिलिओ पुच्ची यांनी आणलेलं पारदर्शक गोल शिरस्त्राण मुलांना फार आवडतं. पावसात केस सांभाळायला ते होतं, पण विमानात ठेवायला जागा नव्हती आणि ते लवकर बाद झालं. त्याचं चित्रच दाखवा. प्लास्टिकचा घुमट दिव्यांखाली आतून धुरकटतो आणि चेहरा दिसत नाही.

कापडासाठी शीतलामाता बाजार सोयीचा, एकाच रंगाच्या सहा-सात साड्या हव्या असतील तर एमटी क्लॉथ मार्केट. छटेची साडी तयारच घ्या. घरी रंगवलेल्या जॉर्जेटवर दोन रंगांच्या सीमेला पट्टा उमटतो.

कंपनीचं बोधचिन्ह किंवा खऱ्यासारखा ओळखपत्राचा पट्टा लावू नका, आणि हे कपडे घालून फोटोसाठी देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर जाऊ नका. सुरक्षारक्षकांना खुलासे देत बसावं लागेल. नावाची पट्टी मुलीच्याच नावाची असू द्या.

रंगीत तालमीला खुर्च्यांच्या दोन रांगा २० इंचांच्या अंतरावर मांडा. प्रत्येकीने मधून चालावं, वाकून खालची बाटली उचलावी, उलटं चालत यावं, शेवटी हातात सँडल घेऊन धावत बाहेर पडावं. टाचेमुळे आणीबाणीत दाराशी उघडणारी फुगीर घसरगुंडी फाटू शकते, म्हणून विमानातून बाहेर पडताना उंच टाचांची पादत्राणं काढायला लावतात, हे निवेदनात जरूर सांगा. जिथे शिवण उसवली किंवा पिन टोचली तिथे लाल दोरा घाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे कपडे एकदमच शिंप्याकडे न्या.