इंजिन गेलं की मागे वळू नका: सेसना १७२ शिकणाऱ्यांसाठी

बेस्ट ग्लाइड, म्हणजे बंद इंजिनाने विमान सगळ्यात लांब जाईल तो वेग, सगळ्यांना पाठ असतो. १७२एस, पूर्ण वजनाला ६८ नॉट. पण टेकऑफनंतर ४०० फुटांवर इंजिन बसलं की तो आकडा आठवत नाही, मान मागे वळते, रनवे शोधायला. माणसं मरतात ती इथे.

म्हणून हे एकच फोडून सांगतो. चढताना वेग ७४, नाक वर. पॉवर गेल्यावर नाक तसंच राहिलं तर तीन-चार सेकंदांत साठसुद्धा उरत नाहीत. आधी नाक खाली, आणि खाली म्हणजे समोरच्या काचेत जमीन भरून येईल इतकं. आता वळणाचा हिशेब. १८० अंश वळलात तर तुम्ही रनवेवर नसता, त्याच्या बाजूला समांतर असता. आणखी वळून त्याच्याकडे जायचं, मग उलटं वळून रेषेत यायचं. सगळं मिळून अडीचशेच्या आसपास अंश. ३० अंश बँकने, म्हणजे विमान बाजूला तेवढं कलवून, याला जवळपास अर्धा मिनिट लागतो आणि साडेतीनशे-चारशे फूट त्यातच संपतात. 'अरे, हे काय झालं?' यातले चार सेकंद वेगळेच.

मग पोरं बँक वाढवतात. फ्लॅप (पंखांमागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) वर असताना स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, ४८ ला, ४५ अंशांत ५७ ला, ६० अंशांत ६८ ला. म्हणजे उंची राखायला योक (विमानाचं हँडल) ओढलं तर तुमचा बेस्ट ग्लाइड हाच स्टॉलचा वेग. त्यात आता वारा पाठीशी, जमीन झरझर सरकते, वेग भरपूर आहे असं वाटतं आणि हात नाक उचलतो. वळण लवकर व्हावं म्हणून आतला रडर (शेपटी वळवणारं पायातलं पेडल) जास्त दाबला की स्पिन, विमान गरगरत खाली. तेवढ्या उंचीवर तो सावरत नाही.

तेव्हा 'या उंचीखाली सरळ समोरच' हा आकडा इन्स्ट्रक्टरबरोबर जमिनीवरच ठरवा आणि प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने म्हणा. सिम्युलेटरवर परत वळून दाखवणारे व्हिडिओ बघू नका. त्यांना इंजिन कधी जाणार ते माहीत असतं.

उंची असेल तर घाबरू नका, खरंच वेळ असतो. ३,००० फुटांवरून चारेक मिनिटं आणि वारा नसेल तर चारेक नॉटिकल मैल. आधी ६८, मग शेत, मग रीस्टार्ट: फ्युएल शटऑफ (इंधन तोडणारा नॉब) आत ढकललेला, टाकी निवडायचा सिलेक्टर बोथवर, ऑक्झिलरी (जादा) इंधन पंप ऑन, मिक्स्चर (हवेत इंधनाचं प्रमाण) रिच, मॅग्नेटो (ठिणगी देणारे) बोथ. कार्ब्युरेटरवालं जुनं मॉडेल असेल तर कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा. प्रॉप वाऱ्याने फिरत राहतो आणि आरपीएमची सुई शून्यावर जात नाही. तिच्यावर जाऊन इंजिन चालू आहे असं समजू नका.

सरावात थ्रॉटल आयडलवर असतो, तेव्हा इंजिन थोडं तरी ओढत असतं. खऱ्या बंद इंजिनात प्रॉप उलट अडवतो, विमान जास्त लवकर खाली येतं. म्हणून शेत जवळचंच धरा. नेहमी एअरफील्डच्या डोक्यावरच थ्रॉटल मागे घेणारा इन्स्ट्रक्टर असेल, तर 'सर, कधीतरी लांब नेऊन घ्या' असं सांगा.

बारामतीकडे वरून मऊ दिसणारा हिरवा पट्टा ऊस असतो, माणसापेक्षा उंच. गोंदियाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी वेढलेली खाचरं. धुरे (ते बांध) आडवे घेतलेत तर नोजव्हील मोडेल, बांधीच्या लांबीला समांतर उतरा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांबांची रांग शोधा.

शेत नक्की मिळणार असं झाल्यावरच फुल फ्लॅप, ६५ नॉट. मिक्स्चर कटऑफ, शटऑफ बाहेर, मॅग्नेटो ऑफ. मास्टर (विजेचा मुख्य स्विच) मात्र फ्लॅप उतरल्यावरच बंद करा, फ्लॅप विजेवर चालतात. आणि टेकण्याआधी दारांची कडी काढा. आपटल्यावर चौकट वाकली तर दार आतून उघडत नाही.