आधी साल शोधा, मग गोष्ट ऐका

मुसळधार पावसाला इंग्रजीत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' का म्हणतात, हे मी वर्गात एकदा रंगवून सांगितलं होतं. पूर्वी कुत्री-मांजरं गवती छपरात झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. एका मुलीने विचारलं, "बाई, कुत्रं छपरावर चढेल कसं?" तिचं बरोबर होतं. घरी येऊन शोधलं, तर ही कथा १९९९ साली ईमेलवरून पसरलेली निघाली. वाक्प्रचार मात्र खूप जुना. रिचर्ड ब्रोमच्या १६५३ च्या नाटकात 'कुत्री आणि पोलकॅट' (मुंगसासारखा एक प्राणी) पडतात, आणि १७३८ मध्ये लेखक जोनाथन स्विफ्टकडे आजचीच कुत्री-मांजरं येतात.

तेव्हापासून मी आधी पहिली छापील नोंद बघते. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात प्रत्येक अर्थाखाली सालासकट उतारे असतात, सर्वांत जुना सगळ्यात वर. तो आधी वाचा. सांगितलेली गोष्ट सोळाव्या शतकातली आणि पहिला उतारा विसाव्यातला असेल, तर गोष्ट बाजूला ठेवा.

आद्याक्षरांपासून विशेष सावध राहा. 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी), बोटीच्या तिकिटावर तसा शिक्का असे, असं छातीठोकपणे सांगतात. तसं एकही तिकीट सापडलेलं नाही. पण 'ओके' खरोखरच आद्याक्षरांचं आहे. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून ही अक्षरं छापली होती. तिथल्या वर्तमानपत्रांत तेव्हा अशा गमतीची लाटच होती. पुढच्याच वर्षी 'ओल्ड किंडरहूक' हे टोपणनाव असलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरनच्या निवडणूक प्रचारात ती अक्षरं आली आणि टिकली. भाषेचे अभ्यासक अॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सिद्ध केलं.

लंडनच्या ईस्ट एंड या कामगार वस्तीतला शब्द असेल, तर यमक शोधा; तिथे शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे शब्द बोलायची गंमत चाले. 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं चालव. पावाचा इथे काय संबंध? 'हेड'शी 'लोफ ऑफ ब्रेड'चं यमक जुळवलं, आणि मग ज्यात यमक होतं तो 'ब्रेड'च बोलण्यातून गाळला! 'हॅव अ बुचर्स' म्हणजे बघ जरा. तिथे 'लुक'शी जुळणारा 'हुक' गळाला आहे. शब्द विचित्र वाटला की त्याचा हरवलेला जोडीदार आठवून बघा.

आणि काही शब्द नुसते कानाने ओळखा. 'हॅव अ डेको' मोठ्याने म्हणा: हिंदुस्थानात राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांनी नेलेला तो आपला 'देखो' आहे. मायदेशाला ते 'ब्लायटी' म्हणत, त्यात 'विलायती' ऐकू येईल.