मरीन टाकी मोठी करताय? या चुका टाळा

जुन्या मरीन टाकीची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या काचेच्या टाकीची, वाळू उपसताना खोलीत सडक्या अंड्यांचा वास आला, तर हात तिथेच थांबवा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि ती वाळू नव्या टाकीत गेली तर मासे रात्रीतून जाऊ शकतात. मोठ्या टाकीत जाताना सगळ्यात जास्त नुकसान मी याच एका चुकीमुळे झालेलं पाहिलं आहे, म्हणून सुरुवात इथूनच.

दोन-तीन वर्षं बसलेल्या वाळूच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. वरून पडलेलं खाद्य आणि विष्ठा तिथे दबत जाते. वाळू हलत नाही तोवर त्याचा त्रास नसतो; मासे खेळत असतात, पाणी काचेसारखं असतं, म्हणून आपल्याला वाटतं वाळूही स्वच्छच आहे. ती उकरली की सल्फाइड, अमोनिया, फॉस्फेट असं सगळं एकदम पाण्यात येतं आणि ऑक्सिजन घटतो. त्यात मरीन टाकीचा पीएच ८.१ ते ८.३. एवढ्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी ठरतो.

जुनी वाळू वापरायचीच असेल, तर मासे आणि लाइव्ह रॉक (जीवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्री दगड) बाहेर काढल्यावर ती बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ येईपर्यंत नळाखाली धुवा आणि शेवटचं पाणी आरओचं घ्या. धुतल्यावर तिच्यातले जीवाणू उरत नाहीत, हे गृहीत धरा. मी स्वतः नवी अरागोनाइट (शिंपल्यांसारखी चुन्याची) वाळू घेतो आणि जुन्या थराच्या अगदी वरची, वास नसलेली दोन वाट्या वाळू तिच्यावर पसरतो. खर्च वाढतो, पण झोप लागते. गोदावरीची किंवा बांधकामाची वाळू मात्र नको. आपल्याकडची वाळू बेसाल्टची, तिच्यात काळे लोहकण असतात. काच पुसायच्या चुंबकाला ते चिकटतात आणि नव्या काचेवर ओरखडे उमटतात.

पाणी जपलं आणि रॉक वाळला

जुनं पाणी थेंबन् थेंब वाचवायचं आणि लाइव्ह रॉक मात्र फरशीवर रचून ठेवायचा, हे फार घरांत होतं. खरं तर अमोनिया खाणारे जीवाणू पाण्यात नाममात्र असतात. ते राहतात रॉकवर, वाळूवर आणि फिल्टरच्या मीडियावर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या सामानावर. जुन्या पाण्याचा उपयोग एवढाच, की माशांना ओळखीचं रसायन मिळतं. रॉक उघडा पडला तर त्यावरचे स्पंज आणि बारीक जीव मरतात आणि तेच नंतर अमोनिया बनून परत येतात. रॉकसाठी वेगळा टब, त्यात जुनं खारं पाणी, एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि एक हिटर, एवढं हवंच.

रॉकवर झोआंथिड (बटणांसारखे दिसणारे मऊ कोरल) असतील तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लावा. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते माणसालाही घातक आहे. असा रॉक ब्रशनं खरवडू नका आणि उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका. वाफेतून विषबाधा होते.

ड्रम कुठून आणला?

नाशिकमध्ये दोनशे लिटरचा निळा ड्रम मिळवणं अवघड नाही. मीही दिंडोरीजवळ मामांच्या द्राक्षबागेतून आणला होता. मामांनी तो घासून, दोनदा विसळून, उन्हात वाळवून दिला होता. त्यात मीठ कालवलं, ते पाणी नव्या टाकीत भरलं. दुसऱ्या दिवशी मासे मजेत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही क्लीनर श्रिंप (छोट्या कोळंब्या) काचेच्या कडेला आडवे पडलेले, मिशा अजून हलत होत्या. एक गोगलगाय शिंपल्यातून अर्धी बाहेर लोंबत होती. कॉपरच्या टेस्ट किटनं रंग दाखवला तेव्हा उलगडा झाला: ड्रममध्ये बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध) कालवलं जायचं. मोरचूद म्हणजे तांबंच. बागेला केवड्यापासून वाचवणारं तेच औषध श्रिंप, गोगलगाय, अॅनेमोनी (समुद्रफूल) यांच्यासाठी अगदी थोड्या प्रमाणातही जीवघेणं असतं.

मासे ठीक आणि श्रिंप-गोगलगायी मरताहेत असं दिसलं, तर पहिला संशय तांब्यावर घ्या. बरेचसे पाणी बदला, तांबं शोषणारं रेझिन लावा आणि किट शून्य दाखवेपर्यंत नवा जीव सोडू नका. रॉक तांबं धरून ठेवतो आणि हळूहळू सोडत राहतो, त्यामुळे एकदा चाचणी करून भागत नाही. फवारणीचा किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून आलेला ड्रम कितीही स्वच्छ दिसला तरी घेऊ नका. नवे टब विकत घ्या.

तांब्याचा दुसरा रस्ता स्वयंपाकघरातून येतो. आजकाल घरच्या आरओमध्ये पाण्यात तांबं सोडणारं कार्ट्रिज असतं. ते पाणी टाकीला चालणार नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असलेल्या मशीनमध्येही नळाचं पाणी थोडं परत मिसळलं जातं, त्यामुळे टाकीसाठीचं पाणी मेम्ब्रेनच्या लगेच नंतर घ्या आणि डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या गाळणीतून) काढा. टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून येणारा गढूळपणा यांमुळे आरओच्या आधीचे सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर लवकर भरतात. टाकी हलवायच्या आधी ते बदलून घ्या.

तीन फुटी टाकीतून चार बाय दोन बाय दोनमध्ये जायचं तर किमान अडीचशे लिटर नवं पाणी लागतं, म्हणजे जवळपास नऊ किलो मीठ. घरचं मशीन ताशी दहा-बारा लिटर देतं. पाण्याची तयारी तीन-चार दिवस आधी सुरू करा. मीठ पाण्यात टाका, टाकीत कधीच नाही, आणि पॉवरहेड-हिटर लावून २४ तास फिरू द्या. मग जुन्या आणि नव्या पाण्याची सॅलिनिटी (खारेपणा), तापमान आणि केएच (पाण्याची कार्बोनेट कठिणता) तिन्ही जुळवा. केएचकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. जुन्या टाकीत ७ आणि नव्या मिठात ११ असेल तर अॅनेमोनी आक्रसून बसते आणि आपण दिवे बदलत बसतो. सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ). रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटीच्याच द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या आरओ पाण्यावर जुळवलेला मीटर चुकू शकतो.

टाकी ठेवायची जागा

चार फुटी टाकीत पाणीच चारशे किलोच्या आसपास, काच ऐंशी-नव्वद, वर रॉक, वाळू, स्टँड आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी). सहाशे किलोच्या पुढे जातं. राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. तो भार खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून लगेच स्लॅब खचतो असं नाही, पण टाकी बीमच्या भिंतीला लागून ठेवा आणि फ्लॅट जुना असेल तर इंजिनिअरला दाखवून घ्या. खोलीच्या मधोमध ठेवू नका.

नवी टाकी जोडून आणली असेल तर सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि आधी गोडं पाणी भरून दोन दिवस गळती बघा. बुरशीरोधक सिलिकॉन वापरलेलं नाही ना, हे कारागिराला स्पष्ट विचारा. सम्पही तपासा: वीज गेल्यावर वरचं पाणी खाली येतं. चार बाय दोनच्या टाकीत पातळी पाच सेंटिमीटर उतरली तरी ३६ लिटर होतात. पंप मुद्दाम बंद करून बघा.

हलवायचा दिवस

सकाळी सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांखाली जातो आणि टबातलं पाणी बघता बघता थंड होतं. हिटर बंद करून १५ मिनिटं थांबा, मगच पाणी उपसा. हिटरची गरम काच उघडी पडली की तडकते. काहीही न हलवता वरचं स्वच्छ पाणी आधी टबांत काढा. मग रॉक. मासे सर्वात शेवटी, कारण रॉक असेपर्यंत जाळीमागे धावणं म्हणजे त्यांना दमवणं. रॉक बाहेर काढताना भोकं नीट बघा. गोबी आणि ब्लेनी जातीचे छोटे मासे आत तसेच बसून राहतात. अॅनेमोनी पाय सोडत नसेल तर ओढू नका, तिच्या रॉकसकट न्या, आणि नव्या टाकीत पॉवरहेडला जाळी लावा.

तळाचं गढूळ पाणी गटारात. त्याचा मोह नको.

नंतरचे दिवस

पाणी दुधट दिसलं तर घाबरू नका. वाळूचा धुरळा किंवा जीवाणूंचा उद्रेक असतो, दोन-तीन दिवसांत बसतो. हवा जोरात द्या. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) भरभरून वाहत असेल तर तो थोडा उंच करा. मासे पृष्ठभागाशी धापा टाकत असतील तर मात्र थांबू नका: आधी अमोनिया तपासा. थोडाही दिसला तर खाद्य बंद, तयार ठेवलेल्या पाण्यानं २५ टक्के बदल आणि बाटलीतले जीवाणू. म्हणूनच शंभर लिटर पाणी जादा कालवून ठेवा. दिवे पहिले दोन आठवडे निम्म्या ताकदीवर.

टाकी मोठी झाली, पण जीवाणू जुन्याच माशांपुरते आहेत. रिकामी जागा बघून लगेच कुर्ल्याच्या बाजारात जाऊ नका. जागा भरायला समुद्रातून काढलेला कोरल किंवा रॉक कुणी देऊ केला तरी नाकारा. कोरलला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि कोरड्या रॉकवर जीवाणू आपोआप वसतात. मी चार ते सहा आठवडे थांबतो, रोज नेहमीएवढंच खाद्य देतो, आणि सलग दोन आठवडे अमोनिया-नायट्राइट शून्य आलं की एकच मासा आणतो.